वाचकांचे प्रश्न : सिकलसेलचं रक्त आणि घरातले संशय

मागच्या अंकात सिकलसेलच्या तपासणीविषयी मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार; त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. रिपोर्टमध्ये 'एसएस' असेल तर दोषी जीनच्या दोन प्रती, म्हणजे आजार; 'एएस' असेल तर एकच प्रत, म्हणजे नुसता वाहक; आणि 'एए' म्हणजे नॉर्मल. त्यावर गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतची पत्रं आली. बऱ्याच पत्रांवर नाव नाही, आणि ते का नाही हे मला कळतं. मी पॅथॉलॉजीची निवृत्त प्राध्यापक. राहते नागपुरात. नोकरीचा मोठा काळ याच आजाराचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहण्यात गेला. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही; ज्यांना उत्तराची घाई आहे ती आधी घेते.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. हातपाय ठणकतात, ताप येतो, शाळा बुडते. तपासणीत त्याचा एसएस पॅटर्न निघाला, माझा एएस. पण शिबिरात यांची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, "रोग तुझ्या माहेरचा. आमच्या घराण्यात असलं काही नाही." एका नातेवाइकाने तर याहून वाईट बोलून दाखवलं. हे तोंडाने काही म्हणत नाहीत, पण पहिल्यासारखे बोलतही नाहीत. मी काय करू?
– एक आई, गडचिरोली जिल्हा

उत्तर : ताई, एका प्राथमिक चाचणीवरून तुमच्या चारित्र्याचा निकाल लावला जातो आहे, आणि ती चाचणी त्यासाठी नाहीच. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. रक्तात 'एस' हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी एवढंच सांगते. एएस आणि एसएस यांतला फरकही तिला कळत नाही. रक्त फारच कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर एस असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा जीन आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असतो. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. तुमच्याकडून मुलाला एसची प्रत आली. वडिलांकडून आलेली प्रत एसचीच असली पाहिजे असं नाही. ती बीटा थॅलेसेमियाची असू शकते, म्हणजे हिमोग्लोबिनची ती साखळी फारच कमी बनवणारी किंवा मुळीच न बनवणारी. ती मुळीच बनवत नसेल तर मुलाच्या रक्तात प्रौढ हिमोग्लोबिन म्हणून एसच उरतं, आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या साध्या पट्टीवर रिपोर्ट हुबेहूब एसएससारखा दिसतो. अशा मुलाच्या वडिलांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येणारच, कारण त्यांच्या रक्तात एस नसतंच. ते धडधाकट असतात, शेतात राबतात, आणि आपण कसले वाहक आहोत हे त्यांना ठाऊकही नसतं. थॅलेसेमियाचे वाहक आपल्या भागात आहेत, आणि अशा जोड्यांचे रिपोर्ट मी स्वतः तपासले आहेत.

म्हणून तिघांचीही एचपीएलसी (रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती ते मोजणारी तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. तुमच्या यजमानांच्या रिपोर्टमध्ये 'ए-टू' हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर असेल आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतील, तर उत्तर मिळालंच. जिल्हा रुग्णालयात सोय विचारा. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे, आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढ्यानेही उलगडलं नाही तर थेट डीएनए तपासता येतो. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत हे काम होतं.

पुढचं तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. दादा, तुमचा मुलगा आजारी आहे आणि त्याला आई-बाप दोघंही लागणार आहेत. एकदा सुई टोचून थोडंसं रक्त द्यायचं आहे, ते द्या. आणि घराण्याचं म्हणाल तर ऐका. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं, की एसची एक प्रत बाळगणाऱ्या मुलांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. थॅलेसेमियाच्या वाहकांचीही तीच कथा आहे. हिवतापाच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या लेकरं दगावत होती, तेव्हा ज्यांच्या रक्तात हे जीन होते ती जास्त संख्येने वाचली. तुमच्या बायकोच्या माहेरचं रक्त आणि तुमचं रक्त, दोन्ही त्या वाचलेल्यांची आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाचा आजार एसएस निघो की सिकल-थॅलेसेमिया, काळजी जवळपास तीच. न्यूमोकोकसची लस झाली नसेल तर घ्या. १०१ च्या वर ताप गेला तर घरी पॅरासिटामॉल देत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. या मुलांची प्लीहा, म्हणजे पानथरी, नीट काम करत नाही, आणि रक्तातला जंतुसंसर्ग काही तासांत बळावतो.

प्रश्न : दहावीला आनुवंशिकता शिकवताना फळ्यावर एएस आणि एएसची चौकट मांडली. एका मुलीने विचारलं, "सर, डीएनएमधलं एक अक्षर बदललं तर हाडं कशाला दुखतील?" मला पाठ्यपुस्तकापलीकडचं उत्तर देता आलं नाही. माझ्या वर्गात दोन एसएस मुलं आहेत.
– एक शिक्षक, गोंदिया

उत्तर : सर, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिने सगळ्या विषयाच्या गाभ्याला हात घातला आहे.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी असल्याचं लिहिलं. रुग्ण होता वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी. पेशी वाकड्या का, हे पुढे कित्येक वर्षं कळलं नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निराळ्या गतीने सरकतं. म्हणजे दोष पेशीच्या कवचात नसून आतल्या रेणूत आहे. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूपर्यंत पोचलं ते तेव्हा पहिल्यांदा. मग केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरवले आणि १९५७ साली नेमकी जागा सांगितली. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं होतं. डीएनएच्या भाषेत जीएजीचं जीटीजी झालं होतं.

आता हाडांकडे येते. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू भरलेला असेपर्यंत काही घडत नाही. प्राणवायू उतरला की रेणूचा आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. हे व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत जातो आणि सुंभ वळावा तसा चौदा पदरांचा तंतू तयार होतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. असे अनेक तंतू एकाच वेळी वाढले की मऊ, लवचीक पेशी ताठरते, लांबते, विळ्यासारखी वाकते.

आमच्या विभागात हे विद्यार्थ्यांना दाखवायची जुनी रीत होती. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, वर काचेचं झाकण आणि कडा मेणाने बंद. आतला प्राणवायू संपत जातो आणि डोळ्यांदेखत गोल पेशींना टोकं फुटतात. पहिल्यांदा पाहणारी पोरं मायक्रोस्कोप सोडायला तयार नसत. शरीरात मात्र फरक असा, की पेशी फुफ्फुसात परतली की तंतू विरघळतात आणि ती पुन्हा गोल होते. पण हे पुन्हा पुन्हा घडलं की कवच फाटत-शिवत राहतं, पेशी पाणी गमावते आणि शेवटी कायमची वाकडी राहते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून या मुलांचे डोळे पिवळट दिसतात आणि रक्त कमी असतं.

इथे एक बारकावा आहे, तो वर्गात जरूर सांगा. अमेरिकेत विल्यम ईटन, जेम्स हॉफ्रिक्टर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मोजलं, की प्राणवायू उतरल्यावर तंतू बनायला थोडा वेळ जातो, आणि हा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटीवर साधारण तिसाव्या घाताने अवलंबून असतो. दाटी अडीच टक्क्यांनी वाढली तरी वेळ जवळपास निम्म्यावर येतो. पेशी अरुंद केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात पार होते. तेवढ्यात तंतू बनले नाहीत तर ती सुटली. बनले तर तिथेच अडकली. म्हणजे उन्हात घामाने किंचित पाणी कमी झालं, तरी हिशेब पार बदलतो. अडकलेल्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला आणि पांढऱ्या पेशींना चिकटतात, मागे गर्दी होते. हाडाच्या आतल्या मज्जेला रक्त पोचत नाही, तिथली ऊती गुदमरते, आणि हाडाच्या ताठ कवचात सुजायलाही जागा नसते. त्या मुलीचं उत्तर इथे आहे. लहान बाळांमध्ये हेच बोटांच्या हाडांत होतं. हातापायांचे पंजे सुजतात, आणि पुष्कळदा आजाराची पहिली खूण तीच असते.

सर, तुमच्या वर्गातल्या त्या दोघांसाठी एक मागणं. त्यांना बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्या आणि लघवीला जायचं म्हटलं की जाऊ द्या, तासाच्या मध्येही. या आजारात मूत्रपिंडाच्या आतल्या भागालाही इजा होते, आणि मूत्रपिंड पाणी राखून ठेवू शकत नाही. ही मुलं सारखी लघवीला जातात ती उनाडपणा म्हणून नव्हे. बाहेर जावं लागू नये म्हणून ती पाणी पिणंच टाळतात आणि संध्याकाळी दुखण्याने तळमळतात. डिसेंबरच्या थंडीत परिपाठाला त्यांना स्वेटर घालून, उन्हात उभं करा. त्यांच्या पालकांना हेही सांगा, की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, एसएस आहे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज घ्यायला सांगितली. मेडिकलवाला म्हणाला ही कॅन्सरची गोळी आहे. मी बंद केली. गावात म्हणतात, आपल्याकडचा सिकल साधा असतो, एवढ्या जड औषधाची गरज नाही.
– एक वडील, धडगाव

उत्तर : दादा, कॅप्सूल पुन्हा सुरू करायला आजच डॉक्टरांकडे जा. बाकीचं उत्तर त्यांच्या दाराबाहेर रांगेत बसून वाचा.

हे औषध काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातही देतात, हे खरं आहे. तुमच्या मुलीला कर्करोग आहे किंवा होईल म्हणून ते दिलेलं नाही. ते वेगळ्या कारणासाठी आहे. १९४८ साली ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की एसएस बाळांना पहिले काही महिने काहीच त्रास होत नाही. त्यांनी अंदाज बांधला, की पोटात असताना बनणारं गर्भ-हिमोग्लोबिन बाळाला सांभाळत असावं. अंदाज खरा निघाला. गर्भ-हिमोग्लोबिन त्या तंतूत नीट बसत नाही, तंतू लांबू देत नाही. साधारण सहा महिन्यांनी ते ओसरतं आणि दुखणं सुरू होतं. हायड्रॉक्सियुरिया पुष्कळ रुग्णांमध्ये हेच गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. शिवाय चिकटणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी करतं.

१९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना नुसती साखरेची कॅप्सूल दिली होती त्यांना वर्षाला साधारण साडेचार वेळा दुखण्याचे झटके आले, आणि औषध घेणाऱ्यांना अडीच वेळा. तिथल्या सरकारने १९९८ साली मान्यता दिली. तुम्हाला वाटेल, अमेरिकेचं इथे काय. तर अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या सहाशेवर मुलांवर हेच औषध वापरलं गेलं, जिथे हिवताप, कुपोषण सगळं आहे. निकाल २०१९ साली आला: दुखणं कमी झालं, मृत्यू कमी झाले, आणि भीती होती त्याच्या उलट हिवतापही कमी झाला. आपल्या नागपुरातच, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, गंभीर आजार असलेल्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅमची कमी मात्रा देऊन अभ्यास झाला आणि मुलांना स्पष्ट फायदा दिसला.

"आपल्याकडचा सिकल साधा" ही समजूत कुठून आली तेही सांगते. आपल्याकडच्या एस जीनच्या आसपासचा डीएनए वेगळ्या धाटणीचा आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात, आणि त्यासोबत गर्भ-हिमोग्लोबिन थोडं जास्त असतं. ओडिशातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला, त्यात आजार बराच सौम्य दिसला. पण आकडा सरासरीचा असतो. मूल एकेकटं असतं. नागपूरच्या मुलांच्या वॉर्डात मी जे रक्त पाहिलं त्याला साधं म्हणायची माझी तयारी नाही. आणि तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून औषध दिलं आहे.

काळजी एवढीच. ठरलेल्या दिवशी सीबीसी चुकवायची नाही, कारण पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर मात्रा कमी करावी लागते. गुण यायला काही महिने लागतात, महिन्याभरात फरक नाही म्हणून सोडू नका. नखं काळपट झाली तर घाबरू नका. ती मोठी होऊन लग्न करेल तेव्हा, मूल हवं असेल तर, आधी डॉक्टरांशी बोलायचं. लोहाची गोळी मात्र तपासल्याशिवाय देऊ नका. तिचं रक्त लोहाअभावी कमी झालेलं असेलच असं नाही.

जुनं औषध म्हणजे हलकं औषध असं समजू नका. २०१९ साली व्हॉक्सेलोटर नावाचं नवं, महागडं औषध आलं. त्याने हिमोग्लोबिनचा आकडा वाढत असे आणि सगळीकडे कौतुक झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांची काळजी वाटावी अशी माहिती समोर आली होती. हायड्रॉक्सियुरियामागे कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. माझ्या घरातलं मूल एसएस असतं तर मी हेच दिलं असतं.

प्रश्न : मी एएस आहे. ज्याच्याशी लग्न ठरतंय तोही एएस निघाला. आम्हा दोघांना लग्न करायचं आहे. घरचे म्हणतात मोडा. तुम्ही काय म्हणाल?
– एक मुलगी, अमरावती

उत्तर : पोरी, आधी तुम्ही दोघांनी रिपोर्ट एकमेकांपासून लपवले नाहीत याचं मला फार बरं वाटलं.

प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक आहे. पहिलं एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. दर वेळी नव्याने तोच जुगार. तुझ्यापुढे दोन रस्ते खरे आहेत. लग्न न करणं हा एक. त्यात कमीपणा नाही. दुसरा, लग्न करून प्रत्येक गरोदरपणात गर्भाची तपासणी करणं. दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीकसा नमुना घेऊन डीएनए पाहतात. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे हे बंद आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला त्याच कायद्यात परवानगी आहे, फक्त नोंदणी असलेल्या केंद्रातच. पाळी चुकली की लगेच धावावं लागेल, नमुना कुठे पाठवायचा हे आधी ठरलेलं हवं, आणि गर्भ एसएस निघाला तर काय करायचं हे तुम्ही दोघांनी लग्नाआधी एकमेकांशी बोललेलं हवं. हे बोलणं जड आहे. तरी ते तुम्ही दोघांनीच, घरच्यांच्या आधी करायचं आहे.

मोडा किंवा करा असं मी सांगणार नाही. पण दोघांचीही एचपीएलसी झाली आहे ना, नुसत्या सोल्युबिलिटीवर तर ठरवत नाही ना, ते बघ. आणि तुमच्या घरच्यांना सांग, एएस माणूस रोगी नसतो. ज्याचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल, एए, आहे अशा माणसाशी एएसचं लग्न झालं तर एसएस मूल होत नाही. एएस मुलींची लग्नंच होऊ नयेत असं जे काही गावांत चाललं आहे, ते अज्ञान आहे आणि मुलींवर अन्याय आहे.

प्रश्न : माझी धाकटी बहीण चोवीस वर्षांची, एसएस. दर दोन-तीन महिन्यांनी भरती करावं लागतं. मी पुण्यात आयटीत आहे. जीन कापून दुरुस्त करणारा उपचार निघाला असं वाचलं. कर्ज काढायलाही तयार आहे. हा उपचार तिला मिळेल का?
– एक भाऊ, मूळ नागपूर

उत्तर : तुझी तळमळ कळते, म्हणून सगळं स्पष्ट सांगते.

मान्यता मिळालेल्या या उपचारात एसचा जीन दुरुस्त करत नाहीत. बीसीएल-११-ए नावाचं एक प्रथिन जन्मानंतर गर्भ-हिमोग्लोबिनचा जीन दाबून ठेवतं, हे स्टुअर्ट ऑर्किन यांच्या बॉस्टनमधल्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखवलं. हे प्रथिन इतर पेशींनाही लागतं, म्हणून ते सगळीकडून काढता येत नाही. २०१३ साली कळलं, की तांबड्या पेशी घडवणाऱ्या मज्जेत त्याला चालू करणारा डीएनएचा एक स्वतंत्र तुकडा आहे. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने नेमका तोच तोडतात. मग गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. धडगावच्या वडिलांना जे औषधाबद्दल लिहिलं, तेच हे, फक्त कायमचं. व्हिक्टोरिया ग्रे या मिसिसिपीच्या बाईंना २०१९ साली अमेरिकेत हा उपचार पहिल्यांदा मिळाला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. ज्यांची पुरेशी नोंद झाली होती अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही मोठा झटका आला नाही.

किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. शिवाय आधी रक्तातून मूळपेशी गोळा कराव्या लागतात, त्या प्रयोगशाळेत बदलतात, मग जबर केमोथेरपीने तिची स्वतःची मज्जा रिकामी करून या पेशी परत सोडतात. त्या केमोने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. हे कर्ज काढू नकोस.

दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने स्वतःचं क्रिस्पर तंत्र बनवलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने ते जाहीर झालं, आणि ते स्वस्तात बनवायचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. ज्यांच्या मुलाबाळांत हा आजार आहे त्यांच्याच बिरसा मुंडांचं नाव त्याला दिलं, हे मला योग्य वाटलं. पण ते अजून रुग्णांवरच्या चाचण्यांतून जायचं आहे. आज दवाखान्यात मिळणार नाही.

आज करण्यासारखं एक काम मात्र तुझ्याच हातात आहे. एका आईबापाच्या सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. तुम्हा दोघांची एचएलए तपासणी, म्हणजे मज्जा जुळते का ते पाहणारी, करून घे. तू एएस असलास तरी दाता होऊ शकतोस. मज्जा-प्रत्यारोपणाने सिकलसेल बरा होतो हे १९८४ पासून माहीत आहे. अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण केलेल्या एका मुलीचा सिकलही गेला, तेव्हापासून. धोके यातही आहेत, आणि वय वाढेल तसे ते वाढतात, म्हणून जुळते की नाही हे लवकर कळलेलं बरं. आणि मला तुझ्या पत्रात एक गोष्ट दिसली नाही: ती हायड्रॉक्सियुरिया पूर्ण मात्रेत, रोज घेते का? दर दोन-तीन महिन्यांनी भरती होणाऱ्या मुलीच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच. तो तिच्या डॉक्टरांना या आठवड्यात विचार.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. तपासणीत एएस निघालो. धावू की नको?
– एक उमेदवार, यवतमाळ

उत्तर : धाव. अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एएस असल्याने मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र दीडपट होता, एरवीही तो क्वचितच होत असला तरी. म्हणून १६०० मीटरचा सराव हळूहळू वाढव, मे महिन्याच्या दुपारी धावू नकोस, ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी सुट्टी घे, आणि मैदानावर पाणी सोबत ठेव. सोबतच्या एका मित्राला तुझा रिपोर्ट माहीत असू दे. धावताना पोटऱ्या-मांड्या अचानक गळून गेल्या तर तिथेच थांब, "अजून एक फेरी" म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. नंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर रात्र काढू नकोस, लगेच रुग्णालयात जाऊन सांग: मी एएस आहे, आज धावलो आहे.